अर्ध्या तांब्याचा माणूस

जळकोटच्या माणिकप्पांनी आयुष्यभर एकच गोष्ट जिवापाड सांभाळली, ती म्हणजे पाणी. एकतीस वर्षं ते ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. पहाटे लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, गल्लीगल्लीतले कॉक उघडायचे आणि ठरल्या मिनिटाला मिटायचे. त्या गल्लीत सरपंचाचं घर असो नाहीतर स्वतःची सासुरवाडी, मिनिट म्हणजे मिनिट. "माणिकप्पाच्या हातून थेंब सुटत न्हाय," असं गाव म्हणायचं. त्यात कौतुक किती आणि राग किती, हे ऐकणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं.

घरीही तोच खाक्या. आंघोळीचं पाणी लिंबाला, भांड्यांचं अळूला, तोंड धुतलेलं पपईला. एका दुष्काळात गावाला नवव्या दिवशी टँकर यायचा, तेव्हा त्यांनी संडासातल्या तांब्यावर खिळ्यानं बरोबर मध्यावर एक रेघ ओढली. भांड्यात ओतायला अर्धा तांब्या, त्याच्या वर एक थेंब नाही. पुढं दुष्काळ हटला, घरासमोर बोअर लागलं, माणिकप्पा रिटायर झाले, पण रेघ काही पुसली नाही. कुणी जास्त पाणी ओतलं की बाहेरून आवाज यायचाच, "पाणी जपून गं!" सून सृष्टी नवी नवी आली तेव्हा संडासातसुद्धा सासरा देखरेख ठेवतो म्हणून घाबरली होती. आता ती हसते.

गावाला पाणी पाजणाऱ्या या माणसाची बायको मात्र तहानलेली राहायची. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं.

रुद्रम्माचं दहा वर्षांपूर्वी पिशवीचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना अर्ध्या-पाऊण तासाला लघवीला जावं लागे. घरात काही अडत नव्हतं. अडायचं ते रस्त्यावर. कुठं जायचं म्हटलं की त्या आदल्या दिवशी दुपारपासूनच पाणी प्यायचं सोडायच्या. चहा नाही, ताक नाही, आमटीसुद्धा नको, कोरडी भाकरी आणि चटणी. एवढं करूनही नऊ वर्षांपूर्वी धाराशिवपलीकडच्या वाशीला धाकट्या बहिणीकडं, मथुराबाईंकडं, जाताना त्यांना तीनदा काळीपिवळी थांबवावी लागली. तिसऱ्यांदा येडशीच्या अलीकडं ड्रायव्हर म्हणाला, "आज्जी, असल्यांनी घरी बसावं की." जीपभर माणसं हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं ते त्या माणसांनाच ठाऊक. बहिणीच्या दारात पोचल्यावर मथुराबाईंनी रिवाजाप्रमाणं गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. रुद्रम्मांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पाण्याला नुसता हात लावला. परतीचा रस्ता बाकी होता ना.

त्यानंतर त्या कुठंच गेल्या नाहीत. मथुराबाईच यायच्या, वर्षातून दोनदा, पिशवीत शेंगांच्या चटणीची बरणी घेऊन. दोन वर्षांपूर्वी मथुराबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेही बंद झालं. मग उरला फोन. एक म्हणायची, "ये गं." दुसरी म्हणायची, "येते की." दोघींनाही ते खरं नाही हे कळत होतं. आणि यंदा वैशाखात मथुराबाईंच्या नातीचं, अर्पिताचं, लग्न ठरलं.

माणिकप्पांचा मुलगा महांतेश. हायवेला त्याचं गाड्यांची बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. तो फार बोलणाऱ्यातला नाही. त्यानं एक जुनी मिनीबस आणली आणि चार महिने खटपट करून तिचं चालतं घर बनवलं. आत दोन पलंग, एक बेसिन, एक शेगडी आणि मागं दाराआड कमोडची छोटी खोली. खाली तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक बेसिनच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. लोकांनी विचारलं की सांगायचा, भाड्यानं द्यायला केली, लोक किल्ले बघत हिंडतात ना. गावानं लगेच तिचं बारसं करून टाकलं, हागणदारीमुक्त मोटार. पण गाडीत चढायची पायरी त्यानं एक वीत खाली घेतली होती आणि कमोडशेजारी भिंतीला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे बसवले होते. ती गाडी कुणासाठी होती ते सृष्टीनं पायरी बघूनच ओळखलं.

गाडी तयार झाल्यावर माणिकप्पांनी टाक्यांचा ताबा घेतला. "पान्याचं काम हाय, तुला त्यातलं काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी इंजिनियर मुलाला बाजूला सारलं. पंधरा दिवस सगळ्यांनी गाडीतलाच संडास वापरायचा आणि काय गळतं, काय तुंबतं ते बघायचं, असा हुकूम निघाला. आत तांब्या ठेवला. हो, तोच, रेघेचा. आणि गाडी वाड्यात उभी असताना टाकीचा पाइप घरच्या खड्ड्याला जोडून खालचा कॉक कायम उघडा ठेवला, कारण थांबलेलं पाणी सडतं हे एकतीस वर्षांचं ज्ञान होतं.

सोळाव्या दिवशी कॉक मिटून चौघं नळदुर्गपर्यंत चक्कर मारायला निघाले. उन्हं तापलेली. रुद्रम्मा खिडकीशी बसल्या होत्या, नव्या इरकलमध्ये. वाटेत एकदा उठून मागं जाऊन आल्या आणि दांडे धरून नीट बसता येतं म्हणून खूश होत्या. मग रस्त्यावर एक मोठा खड्डा आला, टाकीतलं सगळं ढवळलं आणि जो वास वर आला तो काय सांगावा! महांतेशनं काच खाली केली. सृष्टीनं ओढणी नाकाला लावली आणि चटकन काढली. त्या चटकन काढण्यातच सगळं आलं. रुद्रम्मांनी ते बघितलं होतं.

घरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. पायरी उतरल्यावर महांतेशच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "गाडी लई चांगली केलास लेकरा. पर म्या न्हाय येत लग्नाला. माजं आंगच तसलं झालंय, त्यात गाडीचा काय दोष?"

माणिकप्पांना हे लागलं. असं लागलं की दुपारचं जेवण गेलं नाही. बायको नऊ वर्षं घरात बसली ती गैरसोयीमुळं, अशी त्यांची समजूत होती. ती स्वतःलाच घाण समजून बसलीय, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. लग्नाला अठरा दिवस उरले होते.

"गावच्या पाच टाक्या म्या धुतल्या," ते महांतेशला म्हणाले. "ह्यो डबा काय मोठा लागून गेलाय?"

सुरुवात त्यांनी आपल्या हातातल्या विद्येपासून केली. चांगल्या पाण्याच्या टाकीत शिळा, प्लास्टिकसारखा वास येत होता. त्यांनी बादलीत चिमूटभर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, कालवली, गाळ खाली बसू दिला, वरची निवळी तेवढी टाकीत ओतली आणि टाकी भरून घेतली. मग बेसिनचा नळ, संडासातला नळ, एकेक उघडून औषधाचा वास येईतो पाणी सोडलं. एक रात्र तसंच ठेवून सगळं काढून टाकलं आणि दोनदा साध्या पाण्यानं खंगाळलं. ते निघालेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून अंगणातली फरशी धुतली. शेवटी पाण्यात औषध किती उरलं ते तपासायच्या, पंचायतीतून आणलेल्या ओटीच्या बाटलीतले दोन थेंब पेल्यात टाकले. पाणी जेमतेम पिवळसर झालं. "औषध पान्यात, साखर च्यात," माणिकप्पा म्हणाले, "नुसती वळख पुरे." ही टाकी जिंकली. बेसिनचा वास तर एका पेल्यावर गेला. नळीच्या वाकणातलं पाणी उन्हानं आटलं होतं, त्यात पेलाभर पाणी ओतून ठेवलं की खालची हवा वर येईना.

संडासाच्या टाकीनं मात्र त्यांचं पाणी जोखलं. पहिल्या दिवशी फिनेल. दुसऱ्या दिवशी डांबरगोळ्या. तिसऱ्या दिवशी टीसीएल, तेही गावच्या मोठ्या टाकीला पुरेल एवढं. त्यावर संडास धुवायचं ॲसिड ओतायला बिरू सुचवत होता. बिरू म्हणजे वर्कशॉपातला वेल्डर, सल्ले द्यायला सदा तयार. तेव्हा माणिकप्पांनी त्याच्या हातातली बाटली हिसकून घेतली. ती दोन एकत्र आली की धूर होतो आणि छातीत भरतो, हे त्यांनी एकदा बघितलं होतं. चौथ्या दिवशी सृष्टीनं उदबत्ती लावली. एवढं करून काय झालं, तर आधी नुसता वास होता, आता तो दवाखान्यात भरती झाल्यासारखा येऊ लागला. गाडीजवळून जाणारं कुत्रंसुद्धा वळसा घालून जायचं.

रुद्रम्मा हे सगळं ओट्यावरून बघत होत्या. "सोडा की आता," एवढंच म्हणायच्या. मथुराबाईंचा फोन आला की उठून आत जायच्या.

असे दहा दिवस गेले. आठ उरले. अकराव्या दिवशी सकाळी रुद्रम्मा गोठ्यामागं गोबरगॅसच्या हौदात शेण कालवत होत्या. हे काम त्यांचं. गेली बावीस वर्षं त्यांनी ते दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. एक बादली शेण, एक बादली पाणी, आणि हातानं गाठी मोडायच्या. माणिकप्पा फिनेल-टीसीएलच्या पाण्याची उरलेली बादली घेऊन आले आणि गोठ्याच्या मोरीत ओतायला वाकले. मोरीचं पाणी हौदात उतरतं.

"आवो, आवो! ठिवा ती बादली!" रुद्रम्मा एवढ्या मोठ्यानं कधी ओरडत नाहीत. "मरंल की ती!"

"कोण मरंल?"

"गॅस! जित्ती असती ती. आत बारीक बारीक जीव असत्यात, तेच समदं खाऊन पचवत्यात. त्यास्नी औषध पाजलंव की झालं, महिनाभर चूल पेटायची न्हाय."

माणिकप्पांनी बादली खाली ठेवली. रुद्रम्मा परत कालवू लागल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "ईसरला व्हय? टँकरच्या साली तुमी मला पानी घालू देत नव्हता. शेनात अर्धीच बादली घाल म्हनं. मग काय झालं? वर पापुद्रा धरला, खाली घट्ट ढेपूळ बसलं, गॅस बंद, अन् वास तर असा की शेजारची रस्त्यावर उभी राहून शिव्या घालत व्हती. शेन घान नसतंय. कोरडं ऱ्हायलं की घान हुतंय. बरोबरीनं पानी दिलं की आपलं आपन पचतंय ते."

माणिकप्पा तिथंच उभे राहिले. हौदाकडं बघत, मग गाडीकडं, मग परत हौदाकडं. अर्धा तांब्या. उघडा कॉक. पाणी सगळं वाहून गेलेलं आणि पंधरा दिवसांचं बाकीचं टाकीच्या तळाशी ढेपूळ होऊन बसलेलं. वर त्यांनी फिनेल पाजून जो काही जीव होता तोही मारून टाकलेला. एकतीस वर्षं ज्या गुणाचा अभिमान बाळगला त्यानंच घात केला होता. आणि ज्याची लाज ही बाई स्वतःच्या अंगाला चिकटवून बसली होती, ती लाज त्यांच्या रेघेची होती.

ते रुद्रम्मांच्या जवळ गेले. त्यांचे हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले होते.

"रुद्रव्वा," ते म्हणाले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ते असं म्हणायचे. "त्यो वास तुजा नव्हता. माजा व्हता. माज्या अर्ध्या तांब्याचा."

रुद्रम्मांनी मान वर केली नाही. पण कालवणारे हात थांबले. मग म्हणाल्या, "बादली भरून आना. शेन वाळायलंय." माणिकप्पांनी काठोकाठ भरून आणली.

त्या दिवशी दुपारपासून त्यांनी काम उलटं धरलं. कॉक मिटला. टाकी पाण्यानं भरून दोन दिवस तशीच भिजत ठेवली. मग घरच्या खड्ड्यात सोडली, परत भरली, परत सोडली. तिसऱ्या वेळेला निम्मी भरून त्यात रिठ्याचं पाणी घातलं आणि महांतेशला म्हणाले, "नळदुर्गाला जाऊन ये. खड्डा चुकवू नको, हुडकून हुडकून जा." असा हुकूम गाडी चालवणाऱ्याला क्वचितच मिळतो. महांतेशनं तो मनापासून पाळला. परत येऊन कॉक उघडला तेव्हा तळाचं उरलंसुरलं सगळं धो धो निघालं. शेवटी नुसतं स्वच्छ पाणी आलं, तेव्हा माणिकप्पा टाळी वाजवून हसले. बिरूनं ते पहिल्यांदा बघितलं.

मग टाकीत चार बोटं पाणी ठेवलं, आणि रुद्रम्मांकडून गोबरगॅसच्या मळीचा एक डबा मागून घेतला. "इरजन पायजे," ते म्हणाले. दुधाला लागतं तसं यालाही. रुद्रम्मांनी डबा भरून दिला आणि पहिल्यांदा थोडं हसल्या.

फिनेल आता गाडीत चढायचं नव्हतं. तांब्याही गेला. त्याच्या जागी निळी बादली आली. तिच्यावर माणिकप्पांनी रंगानं रेघ ओढली, पण अगदी काठाशी, आणि खाली लिहिलं, "इथपर्यंत भरून ओतावे." आणि भांड्याच्या तळाशी रबराच्या झाकणावर नेहमी थोडं पाणी उभं राहिलं पाहिजे, म्हणजे खालची हवा खालीच. हे सगळं त्यांनी सृष्टीला, महांतेशला, बिरूला दोन-दोनदा ऐकवलं. पहिली बादली स्वतः ओतली तेव्हा त्यांचा हात मध्येच थांबला. सवय हो! सृष्टीनं बाहेरून आवाज दिला, "अप्पा, पाणी जपून?" तशी त्यांनी सगळी बादली रिकामी केली.

चार दिवस घरानं भरल्या बादलीनं संडास वापरला. पाचव्या दिवशी, लग्नाच्या आदल्या दुपारी, गाडी भर उन्हात उभी करून, काचा लावून, माणिकप्पा ताट घेऊन आत जाऊन बसले. संडासाच्या दाराला पाठ टेकवून त्यांनी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा असं सावकाश जेवण केलं. नंतर तिथंच आडवे झाले. तासाभरानं रुद्रम्मा आल्या. दार किलकिलं झालं, आधी त्यांचं नाक आत आलं, मग त्या. घामानं भिजलेला नवरा घोरत होता आणि गाडीत ठेच्याचा वास दरवळत होता. दुसरा कसला नाही. त्यांनी मागचं दार उघडून वाकून बघितलं, परत लावलं.

"येडं झालंय म्हातारं," त्या म्हणाल्या. आणि पेटी काढायला घरात गेल्या.

लग्नाच्या दिवशी पहाटे निघाले. रुद्रम्मांनी आदल्या दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं, सवयीनं. माणिकप्पांच्या ते लक्षात आलं. अशा गोष्टी सांगून होत नाहीत. नळदुर्गाच्या अलीकडं रुद्रम्मा एकदा मागं गेल्या. आत पाण्याचा आवाज आला, थोडासाच, जुन्या धाकातला.

माणिकप्पा दाराजवळ जाऊन म्हणाले, "अजून वत."

परत आवाज आला.

"समदी वत, रुद्रव्वा. बादली भरून वत."

आतून आलेला आवाज आता धबधब्यासारखा होता. रुद्रम्मा बाहेर आल्या, जागेवर बसल्या आणि मोठ्यानं श्वास घेतला. मग खड्डा आला. त्यांनी सृष्टीच्या ओढणीकडं बघितलं. ओढणी होती तिथंच होती, आणि सृष्टी डुलक्या घेत होती. तुळजापुरात, धाराशिवात, कुठंच गाडी थांबवायला लागली नाही. येडशी आली तेव्हा रुद्रम्मा खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. जीपवाला बोलला होता ती जागा मागं गेली. त्यांनी पदर जरा सारखा केला आणि ताठ बसल्या.

वाशीत मांडवाला लागूनच गाडी उभी राहिली. मथुराबाई वॉकर धरून दारात आल्या. नऊ वर्षांनी ताई दारात उभी आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. दोघी म्हाताऱ्या आधी नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, मग एकदमच बोलू लागल्या आणि एकदमच रडू लागल्या. मागून नवरीनं ताट आणलं. त्यात गूळ आणि पाण्याचा तांब्या.

मथुराबाईंनी गुळाचा खडा दिला आणि तांब्या उचलला, मग थबकल्या. त्यांना मागचं आठवत होतं. "नुसता हात लाव बाई," त्या हळूच म्हणाल्या. "परतीचा रस्ता हाय."

रुद्रम्मांनी तांब्या त्यांच्या हातातून घेतला. तोंडाला लावला आणि खाली आणलाच नाही. घटाघटा, डोळे मिटून, हनुवटीवरून चार थेंब इरकलवर सांडले तरी. सारं संपल्यावर त्यांनी तांब्या उपडा करून दाखवला, आणि मागं उभ्या असलेल्या माणिकप्पांकडं बघून नातीला म्हणाल्या, "अजून एक आन गं पोरी. भरून आन."

माणिकप्पा सांडलेल्या चार थेंबांकडं बघत होते. यावेळी त्यांनी पाणी जपून म्हटलं नाही.